लाईटला जुळणारा शब्द

रात्री उसाला पाणी द्यायला निघालेला बारामती-इंदापूरकडचा माणूस ‘वीज आली का?’ असं विचारत नाही, ‘लाईट आली का?’ असंच विचारतो. शब्द मूळचा इंग्रजी. पण मराठीत आल्यावर तो स्त्रीलिंगी झाला, येऊ-जाऊ लागला, थ्री फेज झाला. इतक्या रुळलेल्या शब्दाला जुळणारे शब्द शोधायला बसलं की भाषेचं आतलं यंत्र उघडून बघितल्यासारखं होतं.

पहिलं यमक शोधावंच लागत नाही: वाईट.

इंग्रजीत याच शब्दामागे नाइट, राइट, फाइट, काइट अशी रांग लागते. अशा रांगा लावून देणारे कोशही तिकडे जुने आहेत. जॉन वॉकर यांनी १७७५ साली प्रसिद्ध केलेल्या कोशात इंग्रजी शब्द सुरुवातीच्या नव्हे, शेवटच्या अक्षरांवरून लावले होते. त्या साली बारामतीत, कऱ्हेच्या काठी, सेहेचाळीस वर्षांचे मोरोपंत पराडकर आर्या रचत होते. त्यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्याचा. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने ते बारामतीत आले, पुराण सांगू लागले आणि १७९४ साली तिथेच वारले. यमकाच्या बाबतीत मराठीत त्यांच्याइतका काटेकोर कवी दुसरा दाखवणं कठीण आहे.

यमक हा शब्द मात्र त्यांच्याहून फार जुना. भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. तिथे यमक म्हणजे अक्षरांच्या गटाची पुनरावृत्ती, मग ती ओळीत कुठेही असो. मराठीत ते ओळीच्या टोकाला येऊन स्थिरावलं आणि त्याचे नियम इंग्रजीपेक्षा कडक झाले. इंग्रजीत ‘सी’, ‘ट्री’, ‘फ्री’ यांचा शेवटचा स्वर जुळला की काम भागतं. मराठीत ‘पाणी’ आणि ‘काठी’ यांना कुणी यमक म्हणणार नाही. ‘पाणी’ला ‘गाणी’ किंवा ‘राणी’च हवी. कारण साधं आहे. मराठीतले असंख्य शब्द आ, ई, ए किंवा ओ या स्वरांवर संपतात. नुसता स्वर जुळणं इथे इतकं स्वस्त आहे, की कान त्याच्या आधीचं व्यंजनही मागतो.

आता लाईट पुन्हा हातात घेऊ. इंग्रजी उच्चारात तो एका दमाचा शब्द आहे. जीभ ‘आ’वरून ‘इ’कडे न थांबता घसरते. मराठी तोंडात त्याचे दोन तुकडे पडतात, ला आणि ईट. शिवाय इंग्रजीतला ‘ट’ वरच्या दातांमागच्या हिरडीला जीभ टेकवून होतो. मराठीत त्या जागेचा नेमका वर्ण नाही, एका बाजूला त आणि दुसऱ्या बाजूला ट. आपण जीभ मागे वळवून मूर्धन्य ट निवडला. परिणाम असा, की इंग्रजीत ज्यांचा या शब्दाशी संबंध लागला नसता ते नीट, वीट, धीट हे शब्दही इथे अर्धी सोयरीक सांगतात.

मोरोपंतांच्या हिशेबात हा शब्द पाच मात्रांचा भरला असता: ला दोन, ई दोन, ट एक. शेवटचा अ तेव्हा पद्यात मोजला जाई, म्हटला जाई. आजच्या बोलण्यात तो गळतो आणि शब्द ट्‌पाशीच तुटतो.

जवळच्या यमकांसाठी तर मराठी माणसाला वेगळा तक्ता नकोच, वर्णमाला हाच तो तक्ता. ट, ठ, ड, ढ एका ओळीत बसतात, कारण चौघांची तोंडातली जागा एकच. म्हणून लाईटच्या शेजारी साईड आणि गाईड खपून जातात. फरक फक्त कंठातल्या कंपनाचा. वर्णमाला आडवी न वाचता उभी वाचली तर क, ट, त, प एका रांगेत येतात. जागा निराळ्या, पण उच्चाराची रीत एकच, अघोष आणि अल्पप्राण. त्या रांगेतून पाईक, घाईत, पाईप मिळतात. मोरोपंतांनी हे ज्ञान थेट कामाला लावलं होतं. त्यांच्या निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म या ओठांच्या वर्णांना प्रवेशच नाही.

कागद मात्र इथे दगा देतो. ‘कोच’ आणि ‘पोच’ लिहिताना तंतोतंत जुळतात. म्हणून पाहिलं की कळतं, कोचमधला च ‘चहा’चा आहे आणि पोचमधला ‘चमचा’चा. मराठीत दोन च आहेत, अक्षर एकच. डोळ्याला पूर्ण वाटणारं यमक कानाला अर्धवट लागतं.

याच्या उलट गंमत गावाकडच्या बोलीत होते. ‘पाणी’ आणि ‘जवानी’ हे प्रमाण मराठीत जवळचं यमक. ज्या तोंडात ण नाही, न आहे, तिथे ‘पानी’ आणि ‘जवानी’ अगदी पुरे जुळतात. अशा यमकाला सदोष म्हणणं म्हणजे एका गावच्या मापाने दुसऱ्या गावचं धान्य मोजणं.

तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकीमार्गे इंदापुरात येते तेव्हा वाटभर अभंग चाललेले असतात. मोठ्या अभंगाची मोजणी सहा, सहा, सहा, चार अक्षरांची. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. उघड्या रानात, टाळांच्या गजरात शब्दाचा कोणता भाग पुढच्या दिंडीपर्यंत पोचतो? स्वर. ‘ट’सारखं व्यंजन म्हणजे क्षणभराची शांतता आणि मग काही मिलिसेकंदांचा स्फोट. स्वर लांबवता येतो, तो वाऱ्यावर टिकतो. गाण्यात नुसत्या स्वराची जुळणी चालून जाते ती यामुळे. मराठी गझलेने तर तिला स्वरकाफिया असं रीतसर नावच दिलं.

हा कान फार लहानपणी तयार होतो. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी १९८३ साली ‘नेचर’मध्ये चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० इंग्रजी मुलांचा अभ्यास मांडला. काही शब्दांतून न जुळणारा शब्द ओळखायचा, एवढंच काम. ज्यांना ते चांगलं जमलं ती मुलं पुढे वाचनातही सरस निघाली. अंगणवाडीतल्या बडबडगीतांकडे करमणूक म्हणून बघणाऱ्यांनी हा निष्कर्ष जरूर लक्षात घ्यावा.

आणि लाईटचं सर्वांत सुरेख यमक? ते कुठल्या कोशात मिळायचं नाही. ‘माहीत’मधला ह बोलण्यात जागा सोडून ‘म’ला चिकटतो, शब्दाचा ‘म्हाईत’ होतो, आणि बांधावर बसून मोटारीच्या बटणाकडे बघणारा कुणी सहज बोलून जातो: कधी येती लाईट, कुणाला म्हाईत.