सात भाऊ, एक भूत

१९७० साली निर्माते फत्तेचंद रामसेंचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट आपटला. पण त्यांच्या मुलांनी थिएटरात बसून एक गोष्ट टिपली. भेसूर मुखवटा चढवून पृथ्वीराज कपूर चोरी करतात, त्या प्रसंगाला प्रेक्षक टरकत होते.

मग भयपटाच्या चित्रीकरणासाठी सगळं कुटुंबच बसने महाबळेश्वरला निघालं. मुक्काम सरकारी विश्रामगृहात, खर्च सांगितला जातो साडेतीन लाख. सात भावांपैकी तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्यावर, किरण आवाजाला. पगारच घरातल्या घरात म्हटल्यावर सावकार कशाला? नट बड्या नावांचे नव्हते. १९७२ मध्ये ‘दो गज जमीन के नीचे’ आला आणि चालला.

भुताची निवड तर आणखी मजेशीर. रामसेंच्याच ‘पुराना मंदिर’मधला (१९८४) सामरी म्हणजे अनिरुद्ध अगरवाल, रूरकीत शिकलेला सिव्हिल इंजिनिअर! सहा फुटांहून अधिक उंची आणि राकट चेहरा. निम्मा मेकअप निसर्गानेच करून ठेवलेला. उरलेलं काम अंधार करतो. जे दिसत नाही ते प्रेक्षक स्वतःच्या डोक्यात रंगवतो, त्याचं बिल निर्मात्याला येत नाही.

तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशा गावात कुणी भयपटाचा बेत करत असेल, तर कॅमेऱ्याचं भाडं विचारण्याआधी घरातली माणसं मोजावीत.