डोंगरभटक्यास भेट देताना

मालवणचा सिंधुदुर्ग होडीने गाठता येतो. कुडाळ तालुक्यातील नारूरहून रांगणा गाठायचा तर मात्र पायीच चढावे लागते. अशा वाटा तुडवणाऱ्या मुलास वा जावयास वाढदिवशी शोभेची वस्तू देण्यापेक्षा, त्यास सुखरूप घरी आणील अशी वस्तू द्यावी. ओल्या कातळावर न घसरणारे, चामडे नसलेले बूट सर्वप्रथम. माप आधी विचारून घ्यावे. सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत पावसाळी धुके दाटले की पुढचा सोबती दिसेनासा होतो. तेथे अल्प किमतीची शिट्टी मोलाची ठरते. डोक्यास बांधायच्या विजेरीने दोन्ही हात मोकळे राहतात. सोबत कोकम सरबत आणि चिक्की द्यावी. माणूस वेळेत परतला की भेटीचा हिशेब जुळला.