जिथे बाईच नवरा होते

समलिंगी विवाह रोखण्यासाठी घटनादुरुस्ती करावी, अशी मागणी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये केली. स्त्री-पुरुषांचा विवाह हा संस्कृतीचाच पाया, असं त्यांचं म्हणणं होतं. 'अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशन'ने लगेच निवेदन काढलं: शंभराहून अधिक वर्षांच्या मानववंशशास्त्रीय संशोधनात या दाव्याला आधार नाही.

हा आधार नाही म्हणजे काय, ते नुएरांकडे पाहिलं की कळतं. दक्षिण सुदानमधले हे गुरं पाळणारे लोक. १९३०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी त्यांच्यात राहून नोंदी केल्या. मूल न झालेल्या नुएर बाईला काही बाबतींत पुरुष मानलं जाई. भावाची मुलगी लग्न होऊन निघाली, की येणाऱ्या गुरांत तिला काकाचा वाटा मिळे. ही गुरं देज म्हणून देऊन ती दुसऱ्या बाईशी रीतसर लग्न करी. मुलं व्हावीत म्हणून एखाद्या पुरुषाला ती घरी बोलावी. मुलं मात्र तिलाच बाप म्हणत. बायकोने व्यभिचार केला, तर भरपाई मागायचा हक्क या बाईचाच.

अभ्यासकांनाही हे सहज पचलं नव्हतं. १९५१ साली छापलेल्या त्यांच्याच मार्गदर्शक पुस्तकात विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचं मीलन होतं. केरळच्या नायरांवर काम करणाऱ्या कॅथलीन गॉफ यांनी १९५९ मध्ये ती व्याख्या बदलली. त्यांच्या व्याख्येत स्त्रीचा जोडीदार पुरुषच हवा असं नव्हतं. 'एक किंवा अधिक व्यक्ती' पुरेशा होत्या. नुएरांच्या बायका त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या.

पण नुएरांचं उदाहरण समलिंगी विवाहाचा पुरावा म्हणून पुढे करणं मला चुकीचं वाटतं. त्या लग्नात प्रश्न होता कुळाचा, गुरांचा आणि वारशाचा. दोघींच्या ओढीचा नव्हे. शिवाय बाई नवरा झाली म्हणून घरातली उतरंड मोडत नसे, बायको-मुलांनी तिचा पुरुषासारखाच मान राखायचा.

म्हणून मानववंशशास्त्राचा आवाका मी असा समजते: 'जगात कुठेच असं नव्हतं' हे वाक्य ते खोडून काढतं, कायदा काय असावा हे सांगत नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचा प्रश्न संसदेवर सोडला. त्या खटल्यात केंद्र सरकारने ही मागणी शहरी अभिजनांची ठरवली होती. संसदेत हा विषय निघेल तेव्हा समता आणि हक्कांवर वाद घालावा. मानवजातीचा इतिहास विवाहाची एकच रीत सांगतो, एवढं मात्र कुणी म्हणू नये.