माप बदलले म्हणजे नफाही बदलतो

शेराच्या जागी किलो आला, तेव्हा पोत्यातील दाणा कमी-अधिक झाला नाही. बदलला तो केवळ आकडा. कंपनीच्या हिशेबाची मानके बदलतात तेव्हाही व्यवहार तोच राहतो. परंतु तेथे बदललेला आकडा ‘नफा’ या नावाने भागधारकापुढे येतो, आणि समभागाची किंमत, व्यवस्थापकांचे मानधन, बँकेच्या कर्जाच्या अटी या साऱ्या त्याच्याशी बांधलेल्या असतात.

जर्मनीची डाइमलर-बेन्झ कंपनी १९९३ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात उतरली. त्या वर्षीचा तिचा नफा जर्मन रीतीने ६१.५ कोटी मार्क. अमेरिकन रीतीने मात्र सुमारे १८४ कोटी मार्कांचा तोटा! कारखाने तेच आणि वर्षही तेच.

आपल्याकडे १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने नवी भारतीय हिशेब-मानके लागू झाली. १ एप्रिल २०१९ पासून त्यांत भाडेपट्ट्याचे ११६ क्रमांकाचे मानक आले. समजा, अशा एखाद्या कंपनीने आपल्या घोडेगावात कांद्यासाठी ५ वर्षांच्या कराराने गोदाम घेतले. भाडे दर वर्षअखेर १ लाख रुपये. पूर्वी दरसाल लाखाचा खर्च पडे आणि ताळेबंदात देणे दिसत नसे. आता व्याजदर १० टक्के धरल्यास पहिल्याच दिवशी सुमारे ३ लाख ७९ हजारांचे देणे उभे राहते, व समोरच्या बाजूस तेवढाच वापराचा हक्क. भाड्याऐवजी घसारा व व्याज मिळून पहिल्या वर्षी १ लाख १४ हजार खर्च पडतो, पाचव्या वर्षी ८५ हजार. बेरीज ५ लाखच! गोदामवाल्याला तर या घडामोडीची वार्ताही नसते.

मौज अशी, की व्याज व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा मात्र लाखाने वाढलेला दिसतो. तो आकडा वार्षिक सभेत मिरवणे खोटे नव्हे, पण सरळही नव्हे. त्यातून या मानकाने मागील वर्षाचे आकडे नव्याने न मांडण्याची मुभा दिली होती; म्हणजे शेजारशेजारचे दोन रकाने दोन मापांचे!

म्हणूनच बदलाचे स्वरूप आणि त्याचा परिणाम टिपांतून सांगण्याचे बंधन कंपनीवर आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३४ नुसार मानके पाळल्याचे निवेदन संचालकांना करावे लागते. तरीही व्याजदर ठरवण्यात अंदाज उरतोच: तो १२ टक्के धरला, की वरचे देणे ३ लाख ६० हजारांवर येते. हा दर कोणी व कशावरून ठरवला, हे भागधारकाने सभेत अवश्य विचारावे.