आठ अणूंचा रुसवा

आमच्या समुद्रपूर तालुक्यात गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथे पायाखाली गोलसर गोटे सापडतात, काही तर थेट जायफळासारखे. बाबांची टिंगल करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या मालाचे बाबांनी दगड केले, आणि माफी मागितल्यावर वाळल्या पानांपासून नवा माल करून दिला, अशी कथा. जुन्या इंग्रजी गॅझेटियरात ती आहे आणि सोबत खुलासाही: गोटे झिओलाइटचे. कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवताना मला हा गोटा खडूपेक्षा जास्त कामाला आला.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा सांगाडा, त्यात रेणूंच्या मापाची भोकं. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तो आपसूक तयार होतो. कारखान्यांसाठी मात्र मुद्दाम बनवतात आणि त्याच्या भोकांत प्लॅटिनमचे मोजक्या अणूंचे पुंजके बसवतात. प्लॅटिनमच्या क्षाराचं द्रावण मुरवायचं, वाळवायचं, मग तीनशे-चारशे अंशांवर हायड्रोजन सोडायचा. आच जास्त झाली की पुंजके सरकत सरकत एकमेकांना चिकटतात, त्यांचा गोळा होतो आणि सगळी मेहनत वाया.

हे पुंजके हवेत कशाला? हायड्रोजनच्या रेणूतले दोन अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. नुसत्या उष्णतेने ते सोडवायचे तर दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं, तेव्हाही थोडेच सुटतात. प्लॅटिनमवर हेच काम खोलीच्या तापमानाला होतं. फार थंडीत रेणू अख्खाच धातूला हलकेच टेकून राहतो. ऊब मिळाली की फुटतो आणि एकेक अणू धातूशी बंध जोडतो. आणखी तापवलं की तेच अणू पुन्हा जोडी जमवून उडून जातात. ‘तापवा म्हणजे प्रक्रिया वाढते’ हे पाठ केलेलं वाक्य म्हणून अर्धंच खरं. उष्णता पाहुण्यांना दार उघडते, तशी हाकलूनही लावते.

त्यातून पुंजक्यात अणू किती, यावरही बरंच ठरतं! १९८५ च्या सुमारास अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात रिचर्ड स्मॉली आणि सहकाऱ्यांनी लेसरने धातूची वाफ उडवली, हेलियमच्या झोतात ती थंड करून पुंजके बनवले आणि त्यांच्यावर हायड्रोजन सोडला. नायोबियमच्या बऱ्याच पुंजक्यांनी तो भराभर घेतला. ८ आणि १० अणूंचे मात्र ढिम्म. त्यांचे इलेक्ट्रॉन जोड्यांनी पक्के बसलेले, रेणूचा बंध सैल करायला एखादाही सहज मोकळा होत नाही. स्मॉलींना १९९६ चं नोबेल मिळालं ते कार्बनच्या ६० अणूंच्या चेंडूसाठी. माझ्या लेखी नायोबियमचा रुसवा त्याहून गमतीचा.

वितळण्याचीही तीच तऱ्हा. गॅलियमचा तुकडा २९.८ अंशांना वितळतो, म्हणजे आमच्या उन्हाळ्यात तो टेबलावर पाणी होऊन पडेल. पण त्याचे काही डझन अणूंचे पुंजके त्याच्या कितीतरी वर घन राहतात, असं २००३ मध्ये अमेरिकेत दिसलं. पुढच्याच वर्षी पुणे विद्यापीठातले दिलीप कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी संगणकावर त्याचं कारण मांडलं: इतक्या लहान पुंजक्यात अणूंमधले बंधच वेगळे आणि जास्त मजबूत असतात.

आता स्वयंपाकघरात. आमच्याकडे सोयाबीन उदंड, आणि त्याच्या तेलासारख्या तेलांपासून वनस्पती तूप बनतं. मुंबईत शिवडीला १९३२ पासून ते बनत होतं, डालडा हे नाव १९३७ चं. गरम तेलात निकेलचे बारीक कण घालून हायड्रोजन सोडतात. हे कण पुंजक्यांपेक्षा पुष्कळ मोठे, पण हायड्रोजन फुटतो तसाच. तापमान वाढवलं की तेलाशी प्रक्रिया वेगाने होते, हायड्रोजन निकेलवर पुरेनासा होतो. मग तेलाचा रेणू अर्धवट प्रक्रियेतूनच सुटतो आणि सुटताना पीळ बदलून निघतो. डॉक्टर ज्याच्या नावाने बोटं मोडतात तो ट्रान्स फॅट हाच. २०२२ पासून आपल्याकडे तेला-तुपात त्याची मर्यादा २ टक्के आहे. प्लॅटिनमवर कमी तापमानात हे ट्रान्स कमी बनतात, हेही तपासून झालंय. पण निकेलच्या भावात प्लॅटिनम कोण देणार?