फाइल सांगते ती लांबी खरी मानावी का?

संगणकातील फाइल म्हणजे चौकोनांची लांबच लांब ओळ. प्रत्येक चौकोनात एक संख्या. या चौकोनाला बाइट म्हणतात. 'बोर्ली पंचतन' हे गावाचे नाव त्यांत बसवून पाहू. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्रा, अनुस्वार आणि हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हेच. बोर्लीची चिन्हे ६, पंचतनची ५ आणि मधल्या मोकळ्या जागेचा १ बाइट. एकूण ३४ बाइट झाले.

पुष्कळ फाइलींत मजकुराच्या आधी त्याची लांबी लिहिलेली असते. समजा, वाचणाऱ्या प्रोग्रामने स्मृतीत ४० चौकोन राखून ठेवले आहेत. ३४ बाइट त्यांत सहज मावतील. पण कोणी मुद्दाम ४०० ही लांबी लिहून तेवढा मजकूर भरला, आणि प्रोग्रामने न तपासता तो उतरवून घेतला, तर? एकेचाळिसाव्या चौकोनापासून शेजारची माहिती पुसली जाईल. पुढची आज्ञा कोठून घ्यायची, याचा पत्ताही तेथे असू शकतो. तो बदलला की प्रोग्राम बंद पडतो, किंवा फाइल रचणाऱ्याच्या आज्ञा पाळू लागतो. सी भाषेत ही तपासणी आपोआप होत नाही.

मग संशयास्पद फाइल न चालवता नुसती पाहिली तर? लिनक्सवरील 'स्ट्रिंग्ज' हे साधन फाइलीतील सलग वाचता येणारी अक्षरे दाखवते. २०१४ साली मिहाऊ झालेव्स्की या संशोधकाने त्यातही असा धोका दाखवून दिला. हे साधन आधी फाइलीची अंतर्गत रचना समजून घेई, आणि त्या नोंदींवर नको तेवढा विश्वास ठेवी. दोष दुरुस्त झाला; शिवाय पुढे हे साधन रचनेत न शिरता सरळ सगळे बाइट वाचू लागले. २०२३ मध्ये वेबपी चित्रे उलगडणाऱ्या प्रोग्राममध्येही राखीव जागेबाहेर लिहिण्याचा दोष सापडला, आणि क्रोम, फायरफॉक्स यांना तातडीने सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या.

रस्ट, जावा यांसारख्या भाषा ठरावीक जागेबाहेर जाण्यास सहसा अटकाव करतात. आपल्या हाती आहे ते प्रोग्राम वेळच्या वेळी अद्ययावत करणे.

वर्गासाठी आम्ही एक कृती सुचवतो. फळ्यावर १० चौकोन आखा. त्यांच्या पुढच्या चौकोनात 'घरी जा' ही सूचना लिहा. आता एका मुलाला १२ अक्षरी शब्दसमूह न थांबता भरू द्या. सूचनेचे काय झाले, ते मुलांनाच सांगू द्या.