उणे २५३ अंशांचा माल

हायड्रोजन जळला की धूर नाही, फक्त पाण्याची वाफ. अडचण आहे ती वाहतुकीची. हा वायू उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला की द्रव होतो आणि मूळच्या सुमारे आठशेव्या हिश्शाएवढ्या जागेत मावतो.

एवढा थंड माल समुद्रापार न्यायचा तर एका कंपनीचे बळ पुरत नाही. म्हणून २०१६ मध्ये जपानमध्ये ‘हायस्ट्रा’ ही संघटना उभी राहिली. कावासाकीने जहाज बांधले. इवातानीकडे द्रव हायड्रोजन हाताळण्याचा अनुभव होता. जे-पॉवरकडे कोळशापासून वायू बनवण्याचे तंत्र होते. शेल जपानही सोबत होती. मारुबेनी आणि इतर कंपन्या पुढे सामील झाल्या.

‘सुइसो फ्रंटियर’ हे ते जहाज. त्याची टाकी १,२५० घनमीटरची, थर्मासप्रमाणे दुहेरी भिंतीची, मधे निर्वात पोकळी. तरीही ती काठोकाठ भरली तर माल नव्वद टनांच्या आतच, कारण द्रव हायड्रोजन कमालीचा हलका. फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील हेस्टिंग्जहून माल घेऊन ते कोबेला परतले.

गंमत अशी, की यातला काही हायड्रोजन व्हिक्टोरियातील तपकिरी कोळशापासून काढलेला होता. या प्रायोगिक टप्प्यात निघालेला कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवलाच गेला नाही. ती सोय पुढच्या टप्प्यावर सोपवली होती. इंधन स्वच्छ, उगम मळका! टीकाकारांनी नेमके यावरच बोट ठेवले.

२०२४ च्या अखेरीस कावासाकीने पुढच्या चाचणीसाठी ऑस्ट्रेलियाऐवजी जपानमधूनच हायड्रोजन घेण्याचे ठरवले.